मॉनिटरच्या मध्यावर नसलेला कॅमेरा : दोन कॅमेऱ्यांतून चेहऱ्याचा नवा कोन कसा तयार करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला गंगापूर रोडवरच्या घरातून तुम्ही बारावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवता. २४ इंची मॉनिटरच्या डाव्या-उजव्या कडांना दोन साधे यूएसबी वेबकॅम लावलेत, दोघांत अंतर ५६ सेंटिमीटर, आणि तुम्ही बसता ७० सेंटिमीटरवर. या दोन चित्रांतून मॉनिटरच्या मध्यावरून दिसेल असा चेहरा तयार करायचाय, म्हणजे सर थेट आपल्याकडे बघतायत असं मुलांना वाटेल. ओपनसीव्ही या मोफत चित्रप्रक्रिया लायब्ररीतलं तयार स्टिरिओ मॅचिंग (एकाच बिंदूच्या दोन चित्रांतल्या जागा जुळवून त्याचं अंतर काढणं) वापरलंत तर नाक दुहेरी येतं, कान फडफडतात, आणि डोळे पाण्यात असल्यासारखे हलतात. यासाठी चांगला अल्गोरिदम कोणता, असं तुम्ही विचारलंय.

अल्गोरिदमला हात लावण्याआधी कॅमेऱ्यांची जागा बदला. तुमचा अर्धा त्रास तिथेच आहे.

त्याच्याही आधी पाच मिनिटांची एक चाचणी करा. नजर नेमकी कुठे आहे हे ओळखण्यात माणूस सगळ्या दिशांना सारखा काटेकोर नसतो. समोरचा आपल्या डोळ्यांच्या डावीकडे, उजवीकडे किंवा वर बघत असला तर ते पटकन लक्षात येतं. थोडं खाली बघत असला तर चालून जातं. मिल्टन चेन यांनी २००२ मध्ये व्हिडिओ संवादावर केलेल्या प्रयोगांत खालच्या दिशेला साधारण ५ अंशांची सूट मिळाली होती. ७० सेंटिमीटरवर ५ अंश म्हणजे ६ सेंटिमीटर. एकच कॅमेरा मॉनिटरच्या वरच्या कडेवर मध्यभागी ठेवा आणि मुलांच्या व्हिडिओची खिडकी त्याच्या अगदी खाली सरकवा. मुलांचे चेहरे कॅमेऱ्याखाली ६ सेंटिमीटरच्या आत आले आणि तुमचं काम भागलं, तर स्टिरिओच्या वाटेला जाऊच नका. पण गणित शिकवताना नजर पडद्यावरच्या पाटीवर आणि मुलांवर अशी सगळीकडे फिरत असेल, तर पुढचं वाचा.

आता कॅमेऱ्यांची मांडणी. ५६ सेंटिमीटर अंतरावरचे दोन कॅमेरे ७० सेंटिमीटरवरच्या चेहऱ्याकडे बघतात तेव्हा त्यांच्या नजरांत जवळपास ४४ अंशांचा कोन होतो. एवढ्या कोनात नाकाला डावीकडून लागून असलेला गालाचा भाग फक्त डाव्या कॅमेऱ्याला दिसतो, उजवीकडचा फक्त उजव्याला. जो भाग एकाच कॅमेऱ्याला दिसतो त्याची जोडी जुळणारच नाही. मॅचिंग तिथे काहीतरी जवळचं उचलून बसवतं आणि नाक दुहेरी येतं.

त्याऐवजी एक कॅमेरा मॉनिटरच्या वर आणि एक खाली लावा. २४ इंची पडद्याची उंची साधारण ३० सेंटिमीटर असते, कडा धरून दोन लेन्समध्ये ३४ सेंटिमीटर पडतात आणि कोन २७ अंशांवर येतो. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. स्टिरिओ मॅचिंग ज्या रेषेवर शोध घेतं त्या रेषेला आडव्या जाणाऱ्या कडाच नीट पकडता येतात. रेषेला समांतर असलेली कड कुठेही सरकवली तरी सारखीच दिसते. चेहऱ्यावरच्या ठळक कडा बहुतेक आडव्या असतात: भुवया, पापण्या, ओठांची फट, हनुवटीखालची सावली. कॅमेरे डावे-उजवे असले की शोधही आडवा होतो आणि याच कडा निरुपयोगी ठरतात. कॅमेरे वर-खाली लावले की त्याच कडा मदतीला येतात. कपाळावरची टिकलीसुद्धा उपयोगी पडते, कारण एरवी त्या भागात जुळवायला काहीच नसतं.

कॅमेरे लावताना ९० अंशांत फिरवून उभे लावा, दोन्ही एकाच दिशेला फिरवलेले. यात तीन गोष्टी साधतात. चित्राची लांब बाजू चेहऱ्याच्या उंचीला मिळते. चित्रातली ओळ आपोआप वर-खाली दिशेला येते, त्यामुळे फक्त ओळीवर शोधणारं तयार मॅचिंग जसंच्या तसं चालतं. आणि रोलिंग शटर (चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपणारा) असला तरी दोन्ही चित्रांतल्या सारख्या ओळी सारख्याच क्षणी वाचल्या जातात, अर्थात दोघांची सुरुवात एकाच वेळी झाली तर. यात एक सापळा आहे. फिरवलेल्या चित्राची उजवी बाजू प्रत्यक्षात खाली येत असेल तर वरचा कॅमेरा ‘डावा’ धरायचा. वर येत असेल तर खालचा. हे उलटं झालं की मॅचिंग एकही त्रुटी न दाखवता नुसता कचरा देतं.

बसवण्यासाठी प्लास्टिकचे क्लिप वापरू नका. २० बाय २० मिलिमीटरचं ॲल्युमिनियम सेक्शन घ्या; अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ४५ सेंटिमीटरचा तुकडा आणि दोन कोनपट्ट्या करून मिळतील. दोन्ही कॅमेरे त्या एकाच दांडीला बसले पाहिजेत आणि दांडी मॉनिटरला न चिकटवता टेबलाला क्लॅम्प करायची. मॉनिटर पुसताना जरी हलला तरी कॅमेऱ्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बदलता कामा नये. प्रत्येक कॅमेरा चेहऱ्याकडे साधारण साडेतेरा अंश झुकवा.

आभासी कॅमेरा (ज्या जागेवरून दिसेल असं चित्र तयार करायचं तिथला काल्पनिक कॅमेरा) या दोन खऱ्या कॅमेऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर, दोघांच्या मध्येच ठेवायचा, हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा नियम. कारण हिशेबाचं आहे. मॅचिंगमध्ये १ पिक्सेलची चूक झाली तर मधोमध ठेवलेल्या आभासी चित्रात ती प्रत्येक बाजूने अर्धा पिक्सेलच उरते. तोच आभासी कॅमेरा जोडीच्या बाहेर एक बेसलाइन (म्हणजे दोन कॅमेऱ्यांमधल्या अंतराएवढा) दूर नेला तर जवळच्या कॅमेऱ्याकडूनही चूक पूर्ण १ पिक्सेल येते आणि दूरच्याकडून २. दोन कॅमेरे शेजारी-शेजारी ६ सेंटिमीटरवर असलेला तयार स्टिरिओ मोड्यूल घेऊन मॉनिटरच्या डोक्यावर ठेवला तर डोळ्यांचा संपर्क साधत नाही, तो याचमुळे: तिथून मध्यावर यायचं म्हणजे जोडीच्या खूप बाहेर जायचं.

आभासी कॅमेरा नेमका मध्यावरच हवा असंही नाही. मुलांचे डोळे पडद्याच्या मध्याच्या ६ सेंटिमीटर वर असतील तर वरच्या लेन्सपासून ते ११ सेंटिमीटरवर आले. त्यात खालच्या दिशेची ६ सेंटिमीटरची सूट वापरली तर आभासी कॅमेरा वरच्या लेन्सपासून फक्त ५ सेंटिमीटर खाली असला तरी पुरतं, म्हणजे वळवण जेमतेम ४ अंशांची. जितकं कमी वळवाल तितकं चित्र खरं राहील. नजर पडद्यावर जास्त खाली जाते तेव्हाच आभासी कॅमेरा मध्याकडे सरकवा, तोही हळूहळू.

आता वेळ. दोन साध्या यूएसबी कॅमेऱ्यांना ‘एकाच वेळी काढ’ असं सांगता येत नाही. ३० फ्रेमच्या वेगात जवळच्या फ्रेमशी जोडी लावली तरी फरक १६ ते १७ मिलिसेकंदांपर्यंत जातो. बोलताना डोकं सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने सहज हलतं; तेवढ्यात ते ३.३ मिलिमीटर सरकलं. १२८० बाय ७२० चित्र आणि लांब बाजूने ६० अंशांची दृष्टी धरली तर फोकल लांबी (लेन्स आणि सेन्सरमधलं अंतर, इथे पिक्सेलमध्ये मोजलेलं) सुमारे ११०८ पिक्सेल येते आणि ३.३ मिलिमीटर म्हणजे ५ पिक्सेल. डोकं बाजूला हललं तर जोडी शोधरेषेवरूनच ५ पिक्सेल निसटते. मान डोलावली तर खोटी डिस्पॅरिटी (एकाच बिंदूच्या दोन चित्रांतल्या जागांतला फरक, ज्यावरून अंतर काढतात) तयार होते आणि सगळा चेहरा ७ मिलिमीटर मागे-पुढे उडी मारतो. कान फडफडण्याचं मुख्य कारण हे आहे. कितीही चांगलं मॅचिंग लावलं तरी ते जाणार नाही.

उपाय म्हणजे ग्लोबल शटर (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा) आणि बाहेरून ट्रिगर, म्हणजे ‘आता टिप’ असा इशारा, घेणारे कॅमेरे. रास्पबेरी पायचा ग्लोबल शटर कॅमेरा (सोनीचा आयएमएक्स २९६ सेन्सर, १४५६ बाय १०८८) किंवा एआर ०२३४ सेन्सरचे ट्रिगर पिन असलेले यूएसबी कॅमेरे चालतील. ओव्ही ९२८१ स्वस्त पडतो पण कृष्णधवल आहे, चेहऱ्यासाठी घेऊ नका. बजेट नसेल तर निदान ६० फ्रेम देणारे एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे घ्या. फरक निम्म्यावर येतो. तो मोजायचा असेल तर आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर दहा एलईडी एकामागून एक १ मिलिसेकंद लागतील अशा लावा, शेजारी दर १० मिलिसेकंदांना पुढे जाणारी दुसरी रांग ठेवा, एक्सपोजर २ मिलिसेकंद करा आणि दोन्ही चित्रांत कुठली एलईडी लागलेली दिसते ते बघा. मोबाइलवरचं स्टॉपवॉच यासाठी चालत नाही, कारण त्याचा पडदाच सेकंदाला साधारण ६० ते १२० वेळाच बदलतो.

यूएसबीचंही गणित बघून ठेवा. १२८० बाय ७२०, ३० फ्रेम, न दाबलेलं चित्र म्हणजे सेकंदाला ५५ मेगाबाइट. यूएसबी २ वर प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, म्हणून कॅमेरा गुपचूप एमजेपेगवर, म्हणजे प्रत्येक फ्रेम जेपेगसारखी दाबून पाठवण्यावर, जातो. एमजेपेगचे ८ बाय ८ चे चौकोन त्वचेचा बारीक पोत खाऊन टाकतात, आणि गालावर जुळवण्यासारखं तेवढंच असतं. यूएसबी ३ चे कॅमेरे घ्या आणि ते वेगवेगळ्या कंट्रोलरवर लावा, एका हबवर नको.

प्रकाशाबाबत तीन सूचना. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. एक्सपोजर १० किंवा २० मिलिसेकंदच ठेवा, नाहीतर दोन चित्रांची उजळी वेगळी येते. चेहऱ्यासाठी १० बरा, २० ला हालचाल पुसट होते. ऑटो एक्सपोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स आणि विशेषतः ऑटो फोकस बंद करा; फोकस हलला की फोकल लांबी बदलते आणि कॅलिब्रेशन (कॅमेऱ्यांची मापं मोजून ठेवणं, ते पुढे येतं) वाया जातं. तिसरं म्हणजे चकाकी. भांडी बाजारात तांब्याच्या घंगाळासमोरून चालत गेलात तर त्यावरची झळाळी तुमच्याबरोबर सरकते. ती घंगाळावर रंगवलेली नसते, बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. नाकाच्या शेंड्यावरची आणि कपाळावरची तेलकट चमक अगदी तशीच आहे. मॅचिंगला वाटतं ती एकच खूण आहे, आणि ते तिला चुकीच्या अंतरावर बसवून नाकाला खळगा पाडतं. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दोन एलईडी पॅनेल, पुढे बटर पेपर किंवा पांढरं मलमल, आणि चेहरा कोरडा पुसलेला, एवढं केलं की बराच फरक पडतो. खिडकीतून येणारं दुपारचं ऊन मात्र पडद्याने पूर्ण बंद करा.

कॅलिब्रेशनसाठी १० बाय ७ चौकोनांचा बुद्धिबळ पट घ्या (आतले कोपरे ९ बाय ६), चौकोन २५ मिलिमीटरचा. ए-फोर कागदावर बसतो. लेसर प्रिंट काढा आणि व्हर्नियरने चौकोन मोजा, कारण प्रिंटर पानाला बसवण्यासाठी आकार बदलतो. मग तो कागद ५ मिलिमीटरच्या काचेवर बुडबुडे न ठेवता चिकटवा. फ्लेक्सवर छापून घेऊ नका, फ्लेक्स ताणतो. पुठ्ठ्यावरही नको, पावसाळ्यात तो वाकतो. ५० ते १०० सेंटिमीटरच्या दरम्यान, वेगवेगळ्या बाजूंना ३० ते ४५ अंश कलवून, चित्राच्या कोपऱ्यांपर्यंत नेऊन ३० ते ४० जोड्या घ्या. आधी प्रत्येक कॅमेरा वेगळा कॅलिब्रेट करा, मग ते आकडे पक्के धरून जोडीचं कॅलिब्रेशन करा. सगळं एकदम सोडवलं तर फोकल लांबी आणि अंतर एकमेकांच्या चुका लपवतात. साध्या लेन्सला तिसरा त्रिज्य विकृती गुणांक (लेन्समुळे सरळ रेषा किती वाकतात ते सांगणाऱ्या आकड्यांतला तिसरा) शून्यच ठेवा, तो मोकळा सोडला की कडेची चित्रं विचित्र वळतात. सरासरी चूक ०.३ पिक्सेलच्या आत हवी, ०.५ च्या वर गेली तर पुन्हा करा.

कॅमेरे सुरू करून वीस मिनिटं तापू द्या, मगच कॅलिब्रेट करा. जानेवारीच्या सकाळी नाशिकला पारा दहाच्या खाली असतो आणि मे महिन्यात तीच खोली ३५ च्या पुढे जाते. दर ऋतूला एकदा तपासा. तपासायला पट लागत नाही: रेक्टिफाय केलेल्या (म्हणजे जुळणारे बिंदू एकाच ओळीत येतील अशा वळवलेल्या) दोन चित्रांत डोळ्यांचे आतले कोपरे आणि ओठांची टोकं एकाच शोधरेषेवर येतात का बघा. १ पिक्सेलपेक्षा जास्त फरक दिसला तर कॅलिब्रेशन हललंय.

रेक्टिफिकेशनमध्ये ओपनसीव्ही मुळातच ‘झिरो डिस्पॅरिटी’चा पर्याय (दोन्ही चित्रांचा मुख्य बिंदू, म्हणजे लेन्सचा अक्ष चित्राला छेदतो तो, एकाच जागी ठेवणारा) लावून येतं. तो काढा. कॅमेरे आतल्या बाजूला झुकवलेले असल्यामुळे तो पर्याय ठेवला तर ७० सेंटिमीटरवरच्या चेहऱ्याची डिस्पॅरिटी ५३८ पिक्सेल येते आणि चेहरा चित्राबाहेर जायला लागतो. पर्याय काढला की प्रत्येक चित्राचा मध्य स्वतंत्रपणे बसवला जातो, चेहरा दोन्हींत मध्यावर राहतो आणि ५५ ते ९५ सेंटिमीटरसाठी डिस्पॅरिटी साधारण उणे १४१ ते अधिक १४७ मध्ये येते. मॅचिंगला किमान उणे १४४ आणि पल्ला ३०४ द्या (पल्ला १६ च्या पटीत लागतो). फक्त मग अंतर काढताना दोन चित्रांच्या मुख्य बिंदूंमधला फरक सूत्रात धरावा लागतो. हे विसरलं की चेहरा किलोमीटरभर दूर जातो किंवा कॅमेऱ्यामागे.

या मांडणीत १ पिक्सेल डिस्पॅरिटी म्हणजे साधारण १.३ मिलिमीटर अंतर. म्हणजे रिझोल्यूशन भरपूर आहे. अडचण बारीक चुकांची नसून भलत्याच जागी जुळण्याची आहे.

हिर्शम्युलर यांनी २००५ मध्ये मांडलेली सेमी-ग्लोबल मॅचिंग ही पद्धत अजूनही उत्तम आहे, आणि तुम्ही वापरलेलं तयार फंक्शन तिचंच रूप आहे. पण २७ अंशांच्या कोनात नाकाची बाजू एका चित्रात रुंद आणि दुसऱ्यात आखूड दिसते. ५ बाय ५ चा चौकोन दोन्हीकडे सारखाच भाग झाकतो हे गृहीतकच तिथे मोडतं. म्हणून रेक्टिफाय केलेल्या चित्रांवर थेट मॅचिंग करू नका. आधी चेहऱ्याची ढोबळ त्रिमितीय जाळी बसवा, दोन्ही चित्रं त्या जाळीवरून आभासी कॅमेऱ्याच्या जागी वळवा आणि मग उरलेला फरक जुळवा. वळवल्यावर दोन्ही चित्रं जवळपास सारखी दिसतात, शोधाचा पल्ला ३०४ वरून ३२ वर येतो आणि भलत्या जुळण्यांना वावच राहत नाही. रुईगांग यांग आणि झेंगयू झांग यांनी २००२ मध्ये व्यक्तीच्या चेहऱ्याचं मॉडेल आणि स्टिरिओ यांची अशीच सांगड घातली होती. त्यानंतरच्या वर्षी क्रिमिनिसी, शॉटन, ब्लेक आणि टॉर यांनी दोन कॅमेऱ्यांमधल्या आभासी चित्रातच थेट जोड्या शोधण्याचा मार्ग दाखवला. या दोन कल्पना एकत्र आणल्या की आजही घरच्या संगणकावर चांगलं काम होतं.

जाळीसाठी मीडियापाइप (चेहऱ्यावरचे बिंदू शोधणारं गूगलचं मोफत साधन) वापरून ४६८ खूणबिंदू दोन्ही चित्रांत काढा. त्यातला खोलीचा आकडा वापरू नका, तो एका चित्रावरून केलेला अंदाज असतो. दोन चित्रांतल्या जागांवरून त्रिकोणीकरण करून (दोन नजररेषा जिथे मिळतात ती जागा शोधून) तो स्वतः काढा. आणि जबड्याच्या कडेचे बिंदू वगळा. ती कड वरच्या कॅमेऱ्याला जिथे दिसते तिथे खालच्याला दिसत नाही. दोन चित्रांतला ‘हनुवटीचा बिंदू’ त्वचेवरचा एकच बिंदू नसतो. तो त्रिकोणीकरणात घेतला की हनुवटी पुढे लोंबते. डोळ्यांचे कोपरे, भुवया, नाक, ओठ एवढेच बिंदू भरवशाचे. तेही २ ते ४ पिक्सेल थरथरतात, म्हणून चेहऱ्याचा मूळ आकार सुरुवातीला २०–३० फ्रेमवरून एकदाच बसवून पक्का करा आणि नंतर प्रत्येक फ्रेमला फक्त डोक्याची दिशा आणि हावभाव बदला. हा आकार बसवायला संशोधनासाठी बासेल विद्यापीठाचं फेस मॉडेल (अनेक चेहऱ्यांवरून बनवलेला, हवा तसा बदलता येणारा त्रिमितीय चेहरा) मिळतं. व्यावसायिक वापराआधी त्याचा परवाना वाचा.

उरलेल्या फरकासाठी सेन्सस पद्धतीची किंमत, म्हणजे जुळणी किती वाईट आहे याचा आकडा, घ्या (९ बाय ७ च्या खिडकीतला प्रत्येक पिक्सेल मधल्यापेक्षा उजळ की गडद एवढंच ती बघते), कारण दोन कॅमेऱ्यांच्या उजळीतला फरक ती मनावर घेत नाही. दोन्ही दिशांनी जुळवून १ पिक्सेलपेक्षा जास्त तफावत आली ती जागा टाकून द्या आणि तिथे जाळीचंच अंतर ठेवा. हा या रचनेचा मोठा आधार आहे: मॅचिंग फसलं तरी चेहरा मोडत नाही, फक्त थोडा गुळगुळीत होतो.

चित्र तयार करताना मूळ चित्रातले पिक्सेल पुढे फेकू नका, त्याने भोकं पडतात. आभासी चित्रातल्या प्रत्येक पिक्सेलचं अंतर ठरवा आणि त्यावरून मागे जाऊन दोन्ही चित्रांतून रंग उचला. गालावर आणि कपाळावर दोन्ही रंग मिसळायला हरकत नाही. हनुवटीखालचा भाग फक्त खालच्या कॅमेऱ्याला दिसतो, टाळू फक्त वरच्याला; तिथे दिसतं त्याचंच घ्यायचं. मिसळण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांचे रंग जुळवून घ्या. एकाच मॉडेलचे असले तरी त्यांच्या चित्रांत त्वचेचा रंग सारखा येत नाही.

आता डोळे. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच आहे. या मांडणीत १ मिलिमीटर म्हणजे १.५८ पिक्सेल. बुबुळ डोळ्याच्या केंद्रापासून साधारण १० मिलिमीटर पुढे असतं. म्हणजे पापण्यांच्या तुलनेत बुबुळ १ पिक्सेल चुकलं की नजर साडेतीन अंश चुकते. मिसळलेल्या चित्रात दोन बुबुळं एकमेकांवर अर्धवट बसतात, दिव्याचा ठिपका दोनदा उमटतो आणि डोळा पाणावलेला दिसतो. तुम्ही लिहिलेलं ‘पाण्यात हलल्यासारखे’ ते हेच.

म्हणून डोळ्यांच्या भागात मिसळणं बंद. एकाच कॅमेऱ्याचा पोत घ्या आणि पापण्यांच्या बाहेर १५ ते २० पिक्सेलच्या पट्ट्यात हळूहळू दुसऱ्यात मिसळा. आभासी कॅमेरा वरच्या बाजूला असेल तर वरच्याचा, मध्याच्या खाली गेला तर खालच्याचा. पण बदल डोळे मिटलेल्या क्षणीच करा, उघड्या डोळ्यांवर केला तर नजर झटका खाते. बुबुळासाठी मॅचिंगचं अंतर वापरूच नका, ओल्या आणि चमकत्या पृष्ठभागावर ते चुकतं. डोळ्याच्या दोन कोपऱ्यांची जागा त्रिकोणीकरणाने काढा, त्यामागे १२ मिलिमीटर त्रिज्येचा गोल बसवा आणि डोळ्याचा पोत त्या गोलावरून वळवा. बुबुळाचे पाच बिंदू मीडियापाइप वेगळे देतं. गोल बरोबर बसलाय का ते दोन कॅमेऱ्यांतल्या बुबुळांच्या जागांवरून तपासता येतं.

तोंडासाठीही एकच कॅमेरा. दात आणि जीभ जाळीत नसतात आणि दोन चित्रं मिसळली की दातांची रांग दुहेरी येते. हे भाग भरायला चेहरे ‘कल्पून’ देणारं मॉडेल लावायचा मोह होतो, आणि ते दिसायलाही छान येतं. पण मग मुलांना जे ओठ दिसतात ते तुमचे राहत नाहीत. शिकवणाऱ्याच्या ओठांवरून शब्द ओळखणारी मुलं वर्गात असतात, विशेषतः ज्यांना कमी ऐकू येतं ती. माझं मत स्पष्ट आहे: चेहऱ्यावर दिसणारा प्रत्येक पिक्सेल कुठल्यातरी खऱ्या कॅमेऱ्यातून आलेला असला पाहिजे.

नर्फ (२०२०) आणि गॉसियन स्प्लॅटिंग (२०२३) या अनेक चित्रांतून त्रिमितीय दृश्य उभं करणाऱ्या पद्धतींची चर्चा तुम्ही वाचली असेल. दोन्ही चांगल्या पद्धती आहेत, पण त्यांना सहसा डझनावारी कोनांची चित्रं लागतात. नुसत्या दोन चित्रांवर त्या जाळीशिवाय तग धरत नाहीत. राफ्ट-स्टिरिओसारखं (२०२१) न्यूरल नेटवर्कला शिकवलेलं मॅचिंग सेन्ससच्या जागी लावून बघायला मात्र हरकत नाही.

चष्मा ही खरी अडचण आहे. फ्रेम त्वचेच्या १२ ते १५ मिलिमीटर पुढे असते, म्हणजे मॅचिंगमध्ये सुमारे १० पिक्सेलचा फरक. जाळीवर चिकटवली तर फ्रेमची काडी भुवईपाशी तुटते. चष्म्याचा वेगळा सपाट थर करा, त्याची चारच टोकं त्रिकोणीकरणाने काढा आणि तो चेहऱ्यावर शेवटी चढवा. काचेत मॉनिटरचं प्रतिबिंब येत असेल तर दिवे वर घ्या आणि पडदा थोडा मंद करा. जाड भिंगाच्या चष्म्यात चेहऱ्याची कडच आत सरकलेली दिसते, तिथे पूर्ण समाधान मिळणार नाही.

केस आणि पार्श्वभूमी यांवर मात्र फार कष्ट घेऊ नका. मागे दीड मीटरवर साधा राखाडी किंवा निळा पडदा लावा (हिरव्याची छटा गालावर उतरते), माणूस वेगळा करा आणि मागे एक स्थिर चित्र ठेवा. केसांभोवतीची थरथर निम्म्याहून कमी होते. खांद्यांना एक कललेला सपाट पृष्ठभाग पुरतो. बारीक चौकड्यांचा शर्ट आणि जरीचा पदर मॅचिंगला फसवतात, कारण प्रत्येक चौकोन शेजारच्यासारखाच असतो; सपाट पृष्ठभाग धरला की तो प्रश्नच येत नाही.

फ्रेम-दर-फ्रेम थरथर घालवायला गाळणी चित्रावर लावू नका. डोक्याच्या दिशेवर वन-युरो फिल्टर (हळू हालचालीत जास्त आणि वेगवान हालचालीत कमी गाळणारा) लावा, हावभावांवर त्याहून हलका आणि ओठांवर जवळपास नाहीच, नाहीतर आवाज पुढे आणि ओठ मागे पडतात.

वेगाचा अंदाज असा: ३०४ चा पल्ला पूर्ण चित्रावर साध्या प्रोसेसरला ३० फ्रेमने झेपत नाही. ३२ चा पल्ला, फक्त चेहऱ्याचा भाग आणि निम्मं रिझोल्यूशन धरलं तर काम चाळीसपटीपेक्षाही जास्त कमी होतं. वळवणं आणि मिसळणं ग्राफिक्स कार्डवर ढकला.

सगळं झाल्यावर निकाल तपासायला तिसरा कॅमेरा लागतो. मॉनिटर बाजूला काढा (दांडी टेबलाला लावलीय, म्हणून हे जमतं), आभासी कॅमेऱ्याच्या जागी खरा कॅमेरा ठेवा, तिन्ही एकत्र कॅलिब्रेट करा आणि २०० फ्रेम बोलत-हसत घ्या. त्याच्या चित्राशी तुमचं चित्र ताडून बघा, पण संपूर्ण चित्राचा एकच आकडा काढू नका. त्यात डोळ्यांची चूक गालांच्या क्षेत्रफळात बुडून जाते. डोळे, ओठ आणि चेहऱ्याची कड यांचे आकडे वेगळे काढा. मग दाढीवाला, चष्मेवाला, गोरा, सावळा, कुंकू लावणारी, चमकी घालणारी अशा आठ-दहा जणांना बसवा. प्रत्येकाला पडद्यावरच्या नऊ खुणांकडे बघायला सांगा, आणि ज्यांना त्या खुणा माहीत नाहीत अशा तिघांना तयार झालेल्या चित्रांवरून ‘हा कुठे बघतोय’ ते वेगवेगळं लिहायला लावा. ते तिसऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रावर जेवढे चुकतात त्यापेक्षा तुमच्या चित्रावर फार जास्त चुकले, तर आधी डोळ्यांचा गोल तपासा, मग दोन कॅमेऱ्यांमधला वेळ.